डिशची तोंडे कोणी फिरवली

पोलिसाच्या नोकरीत विसरून जावे अशाच गोष्टी फार. म्हणून एखादी गोष्ट आठवून हसू आले तर ती मी जपून ठेवतो. बोईसर भागात पोलीस निरीक्षक असताना माझ्याकडे आलेले हे प्रकरण त्यातले आहे. ते मनात आले की अजूनही हसू येते. यात मी कोणाचे नाव घेणार नाही. गाव समुद्रकाठचे, मच्छिमारांचे. दांडी गावाच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका. त्या गावातून मला अजून चांगले बोंबील मिळतात आणि ते बंद झालेले मला परवडणार नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये चहाचा कप हातात घेतला होता. एवढ्यात ठाणे अंमलदार धावत आला. "सर, फोन आहे. नाव सांगत नाही."

मी फोन घेतला. पलीकडून एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, आमच्या गावात लोकांनी केबलवाल्याला बर्फाच्या खोलीत कोंडलाय. लवकर या, नायतर थिजून जाईल तो."

"तुम्ही कोण?"

"ते नाय सांगणार. मी कोंडणाऱ्यांतलाच हाय. पण आता मला त्याची दया येते."

मी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ खबरी पाहिले होते. आरोपीनेच कळवळून खबर देण्याचा हा पहिला प्रसंग. आम्ही जीप काढली.

गावात मच्छिमार सोसायटीच्या बर्फाच्या खोलीपुढे शे-दीडशे माणसे जमली होती. पुरुष कमी, बायका जास्त. सर्वांत पुढे एक धिप्पाड बाई कमरेला पदर खोचून उभी. मासळीचा मोठा धंदा करणारी. सारे गाव तिला काकी म्हणायचे, म्हणून मीही काकीच म्हणेन. खोलीचे दार उघडायला लावले. आत केबलवाला बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसला होता. तो गारठला होता, पण तोंड शाबूत होते. "साहेब, यांच्यावर केस करा, केस!" एवढे तो तिथूनच ओरडला आणि लागोपाठ शिंकला.

"काय केलं याने?" मी विचारले.

"आमच्या डिश फिरवल्या," काकी म्हणाली.

"चोरल्या?"

"चोरल्या नाय. फिरवल्या. तोंडं फिरवली त्यांची."

मग हळूहळू सगळा प्रकार कळला. गावात बहुतेक घरांवर टीव्हीच्या डिश होत्या. गेला महिनाभर असे चालले होते की दुपारी कोणीतरी गच्चीवर, पत्र्यावर चढायचा आणि डिशचे तोंड उलट दिशेला फिरवून जायचा. संध्याकाळी टीव्ही लावला की पडद्यावर 'सिग्नल नाही'. बोईसरहून फिटर यायचा, डिश सरळ करून जायचा. चार दिवसांनी पुन्हा तेच. क्रिकेटचा एक अख्खा अंतिम सामना पुरुषांचा बुडाला होता. पण त्यांचा राग बायकांच्या रागापुढे काहीच नव्हता.

"आमच्या मालिकेतलं लग्न झालं साहेब," काकी म्हणाली. "कोनाशी झालं ते आमाला अजून धड कळलं नाय."

गावात पूर्वी सगळीकडे केबल होती. डिश आल्यावर केबलवाल्याचा धंदा बसला. डिश फिरायला लागल्यापासून काही घरे परत केबलकडे वळत होती. त्यामुळे गावाने आपला तपास पूर्ण करून, निकाल देऊन, शिक्षाही सुरू केली होती. आमच्यासाठी काहीच शिल्लक ठेवले नव्हते.

मी केबलवाल्याला जीपमध्ये घातले, काकीला आणि आणखी दोघांना जबाब द्यायला ठाण्यात बोलावले.

ठाण्यात वेगळाच पेच. गुन्हा कोणता नोंदवायचा? चोरी म्हणावी तर काही गेले नाही. नुकसान म्हणावे तर काही मोडले नाही. घरात घुसला म्हणावे तर घरात कोणी आले नाही, छपरावर आले. ठाणे अंमलदाराने बराच विचार करून स्टेशन डायरीत लिहिले, 'अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने डिशची तोंडे फिरवली.' मी विचारले, "यात लबाडी कुठली?" तो म्हणाला, "सर, ते वाक्य हाताला बसलंय. ते लिहिल्याशिवाय पुढचं सुचत नाही."

केबलवाल्याची चौकशी मी स्वतः केली. त्याला गरम चहा दिला. गारठलेला माणूस चहानंतर खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे.

"डिश फिरल्यापासून तुमची गिऱ्हाइकं वाढली, खरं ना?"

"वाढली. खोटं कशाला बोलू? देवाला नारळपण फोडला."

"मग संशय तुमच्यावर येणारच."

"साहेब," तो उठून उभा राहिला आणि आपल्या पोटाकडे बोट दाखवले, "हे बघा आनि मला सांगा. मी पत्र्यावर चढलो तर पत्रा राहील का?"

मुद्दा विचार करण्यासारखा होता. पण पोलिसाने आरोपीच्या शब्दावर विसंबायचे नसते. ठाण्याच्या मागे शिडी होती. दोन पंच बोलावले आणि प्रात्यक्षिक घेतले. केबलवाला चौथ्या पायरीपर्यंत गेला. तिथे तो अडकला. त्याला वर जाता येईना, खाली उतरता येईना. दोघे शिपाई खालून आधार द्यायला गेले तर शिडी वाकायला लागली. शेवटी काकीने, जी जबाब द्यायला आली होती, पदर खोचला, त्याला कमरेला धरले आणि बोटीतून टोपली उतरवावी तसा खाली उतरवला.

खाली ठेवल्यावर ती म्हणाली, "हा नाय साहेब. याच्याने नाय व्हायचं. उगाच कोंडला बिचाऱ्याला."

"आता बिचारा?" केबलवाला म्हणाला आणि पुन्हा शिंकला. त्या दोघांचा समझोता तिथेच शिडीखाली झाला.

मग दुसरा संशयित, बोईसरचा फिटर. डिश सरळ करण्याचे काम त्यालाच मिळत होते, म्हणजे फायदा त्याचाही होता. तो पोरगेलासा माणूस हसतच ठाण्यात आला.

"साब, मैं क्यों करूँगा? सच बोलूँ तो भगवान करे वो मिले ही नहीं. मेरे लिए तो देवता है." मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मगर एक बात है. जो भी है, हाथ बहुत साफ है. नट खोलता है, डिश घुमाता है, फिर नट वापस टाइट करके जाता है. जहाँ जंग लगा था, वहाँ तेल भी डाला है. इतना तो मैं भी नहीं करता."

ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. खोडसाळ माणूस मोडतोड करून जातो, सूड घेणारा तर हमखास मोडतो. इथला इसम मात्र नटाला तेल घालत होता. एका घरी गच्चीवर पापड वाळत घातले होते. ते उचलून बाजूला सावलीत ठेवून, काम आटोपून, परत उन्हात मांडून ठेवले होते. गुन्हा करताना घरच्यांच्या पापडांची काळजी घेणारा आरोपी मी कधी पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी मी आणि आमच्या महिला हवालदार गावात गेलो. त्या वेळी गाव रिकामे असते. बोटी समुद्रात, बायका बाजाराला, आणि बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांची राखण करायला फक्त दोन कुत्री. आळीच्या जमिनीकडच्या टोकाला बोट हाकणाऱ्या एका तांडेलाचे दुमजली घर होते. त्याच्या माडीच्या गॅलरीतून सगळी छपरे दिसतात असे कळले, म्हणून आम्ही तिथे बसून पाळत ठेवायचे ठरवले.

दार तांडेलाच्या मुलीने उघडले. वय पंधरा. दहावीला होती, पण बरे नसल्यामुळे दीड-दोन महिने शाळेत जात नव्हती. अंगाने किरकोळ, डोळ्यांखाली काळे, केस न विंचरलेले. तिने आम्हाला पाणी दिले आणि आत गेली. माडीवर सगळ्या खिडक्यांना आतून चादरी बांधलेल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत एक झुळूकही नव्हती. कोपऱ्यात टीव्ही होता. त्याचे तोंड भिंतीकडे केलेले.

मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. फिटरने त्या सकाळीच सगळ्या डिश सरळ केल्या होत्या. मी सहज समोर पाहिले आणि दचकलो. समुद्राच्या बाजूच्या झाडून सगळ्या घरांवरच्या डिश माझ्याकडे पाहत होत्या. चाळीस-पन्नास पांढरी गोल तोंडे, आणि सगळ्यांची नजर या एका गॅलरीवर.

त्यात गूढ काही नाही. उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, म्हणून सगळ्या डिश त्याच दिशेला तोंड करून असतात, आणि हे घर आळीच्या नेमके त्या टोकाला होते. घराच्या मागल्या अंगाला, दुसऱ्या आळीत ज्या डिश होत्या त्यांची तोंडे अर्थातच पलीकडे होती. इकडे त्यांची पाठ होती.

"बाई," मी हवालदारांना विचारले, "मागच्या घरांपैकी कोणाची तक्रार होती?"

त्यांनी आठवून पाहिले. "एकाचीही नाही, सर. सगळ्या तक्रारी पुढच्याच." मग त्यांनीही समोर पाहिले, नंतर चादरी बांधलेल्या खिडक्यांकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, ती मुलगी."

आम्ही पाळत तिथेच थांबवली आणि ठाण्याकडे निघालो. आरोपी सापडल्यावर पोलिसाला एक हुशारी वाटते. त्या दिवशी ती वाटली नाही.

अल्पवयीन मुलाशी बोलायचे तर नियम ठरलेले आहेत. ठाण्यात आणायचे नाही, अंगावर गणवेश नको, आईबाप जवळ हवेत, मुलगी असेल तर महिला पोलीस हवी. दुसऱ्या दिवशी तांडेल आणि त्याची बायको, जी बोईसरच्या बाजारात मासळी विकायची, दोघांना घरी थांबायला सांगितले. गणवेश काढायचा तर ठाण्यातल्या माझ्या कपाटात एकच साधा शर्ट होता. पत्नीने गोव्याहून आणलेला, नारळाची झाडे आणि मावळता सूर्य असलेला. तो घालून मी ठाण्यातून बाहेर पडलो तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाने सलाम करायला अंमळ उशीर केला.

मुलगी आईला चिकटून बसली होती. मी डिशचे नाव काढायच्या आधीच तिने विचारले, "सर, तुमाला पण ऐकू येतं का?"

तिच्या प्रश्नात इतकी आशा होती की क्षणभर मला 'हो' म्हणावेसे वाटले. पण ते खोटे झाले असते. मी म्हणालो, "मला नाही येत. पण तुला येतं ना? मग काय म्हणतात ते मला सांग."

"सगळंच बोलतात. क्रिकेटची कॉमेंट्री करतात ना, तशी. माजी करतात. मी पाणी प्यायले की म्हणतात, ही पाणी प्यायली. पुस्तक उघडलं की म्हणतात, उघडलं बघ, हिला काय येणार हाय."

"किती जण आहेत?"

"दोघं. एक बाई हाय. ती लई वंगाळ बोलते."

"आत्ता बोलतायत?"

तिने मान डोलावली.

"काय म्हणतायत?"

तिने आईकडे पाहिले. मग माझ्याकडे. "म्हणतायत, पोलीस आलाय आनि त्याचा शर्ट घाण हाय."

आमच्या महिला हवालदारांना अचानक खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. मी म्हणालो, "या बाबतीत त्यांचं बरोबर आहे." तेव्हा मुलीच्या तोंडावर बारीक हसू आले. आई नंतर म्हणाली की ते तिने कित्येक दिवसांनी पाहिले होते.

त्यानंतर ती मोकळी झाली. आवाज डिशमधून येतात. तिच्या मनात जे येते ते डिश ओढून घेतात आणि सगळ्यांच्या टीव्हीवर दाखवतात. हे तिला कसे कळले? तर रात्री जेवणे झाली की सगळी आळी एकदम हसते. एका घरात नाही, सगळ्या घरांत एकदम. "माज्यावर हसतात सर. मी झोपले की माज्या मनातलं बघतात आनि हसतात."

त्या वेळेला टीव्हीवर विनोदाचा एक कार्यक्रम लागत असे. माझ्या घरीही आम्ही तो पाहायचो आणि मीही मोठ्याने हसायचो. अंथरुणात डोक्यावरून चादर घेऊन पडलेल्या या पोरीला सगळ्या बाजूंनी येणारे ते हसणे कसे ऐकू येत असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवून गेला आणि माझे पुढचे दोन प्रश्न मी विसरलो.

"म्हणून तू तोंडं फिरवलीस," हवालदारबाई म्हणाल्या.

"हो. पन मी कोनाचं नुकसान नाय केलं. बाबांचा पाना घेतला. नट परत बसवले. बाबा सांगतात, खोललं ते बसवायचं." तांडेलाने इतका वेळ जमिनीकडे पाहत ऐकले होते. आता त्याने उपरण्याने तोंड पुसले आणि ते तोंडावरच धरून ठेवले.

"आणि आता? थांबणार ना?" मी विचारले.

"थांबून कसं चालंल? लोक परत सरळ करतात. लहान फिरवून उपेग नाय." ती उठली, खिडकीची चादर थोडी बाजूला केली आणि बोट दाखवले. भाताच्या खाचरांपलीकडे मोबाइलचा टॉवर उभा होता. "मोठा तो हाय. तो फिरवला की सगळं बंद होईल."

"कधी फिरवणार आहेस?"

"उद्या. बाबा बोटीवर गेले की."

हे तिने इतक्या सरळपणे सांगितले, जणू उद्या दळण आणायला जायचे आहे. पंचवीस माणसांच्या उंचीचा तो सांगाडा, आणि ही एवढीशी पोर हातात पाना घेऊन. आईने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवले.

मी तांडेलाला बाहेर ओट्यावर घेतले. "हिला डॉक्टरकडे न्यायला हवं. पालघरला मनाच्या आजारांच्या डॉक्टर आहेत."

"येडी नाय माजी पोरगी," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं?"

"लोक म्हनतील. हिच्याशी कोन लगीन करंल?"

"ती दहावीला आहे. लग्नाचं आत्ता कोण बघतंय?"

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने सांगितले की आतल्या गावच्या एका भगताला सांगून ठेवले आहे. तो अमावास्येला येतो म्हणाला आहे. पोरीला बाहेरचे काही लागले असेल.

भगताशी भांडायची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, "हे बघा बाई, अमावास्या लांब आहे. टॉवर जवळ आहे."

आईला ते पटले. तांडेल अजून घुटमळत होता. मी विचारले, "बोटीचं इंजिन आवाज करायला लागलं तर काय करता?"

"मेकॅनिक बोलावतो."

"लोक काय म्हणतील म्हणून तसंच समुद्रात नेता का?"

"कधी न्यायचं?" त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी तो बोटीवर गेला नाही.

पोलिसांची जीप दारात उभी राहिली तर गावभर बोभाटा होईल म्हणून मी माझी जुनी गाडी नेली. मुलगी बसायला तयार नव्हती. गाडीत रेडिओ होता. मी सांगितले की गेल्या चार वर्षांत त्यातून एक शब्द निघालेला नाही. तिने स्वतः सगळी बटणे दाबून खात्री केली, मग बसली.

पालघरच्या त्या डॉक्टरीणबाई साठीच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी मुलीला बराच वेळ एकटीला घेतले, मग आईबापांना, आणि शेवटी तांडेलाच्या संमतीने मलाही बोलावले. मी माझ्या पद्धतीने पहिला प्रश्न टाकला, "खरंच ऐकू येतं की मनाचे खेळ?"

"माझा आवाज येतोय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "तिला तितकाच स्पष्ट येतो. तुम्ही तिला खोटं आहे म्हणून भांडलात तर ती तुमच्यावरचा विश्वास सोडेल. आणि हो हो, डिशच बोलते, असंही म्हणू नका."

"मग काय म्हणायचं?"

"तुम्ही म्हणालात तेच. मला येत नाही, पण तुला येतं, तर त्रास होत असणार."

मी जरा ताठ बसलो. नोकरीत इतक्या वर्षांनी कोणी माझ्या चौकशीच्या पद्धतीची तारीफ केली होती.

तांडेलाने भीत भीत विचारले, "बाई, हे वारं हाय का? अंगात येतं तसं?"

"वारं नाही. आजार आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी असा सुरू होऊ शकतो. यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. आधी रक्त तपासू, डोक्याचा दुसरा काही आजार नाही ना ते बघू, मग औषधं. पहिल्या आठवड्यात जादू होणार नाही. झोप सुधारेल, मग आवाज हळू होतील. आणि पाना कपाटात कुलूप लावून ठेवा." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "लवकर आणलीत हे बरं केलंत. लोक वर्ष-वर्ष घालवतात."

मी म्हणालो, "लवकर आणली ती मालिकेतल्या लग्नामुळे." त्यांना अर्थातच काही कळले नाही.

आता माझ्यापुढे खरी अडचण उभी राहिली. गावाला आरोपी हवा होता. केबलवाल्याचे नाव साफ व्हायला हवे होते. आणि मुलीचे नाव तर मी घेणार नव्हतो, कायद्यानेही आणि मनानेही. पुढच्या रविवारी सोसायटीच्या शेडमध्ये सगळे जमले. मी गणवेशात, कडक इस्त्री करून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितले, "तपास पूर्ण झालेला आहे. डिश कोणीही फिरवलेल्या नाहीत. हा वाऱ्याचा प्रकार आहे."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले की समोर बसलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यावर पोट भरणारी आहेत. कोणता वारा कुठून येतो, किती दम धरतो, कशाला हलवतो आणि कशाला नाही, हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक. आणि मी त्यांना सांगत होतो की वारा आला, नट खोलले, डिश फिरवली, नट पुन्हा आवळले आणि जाताना तेल घातले.

एक म्हातारा तांडेल हळूच म्हणाला, "म्हंजे वारं आलं?"

"वारं नाही!" मी घाईने म्हणालो. "वारा! वारा!"

"पापड उचलून ठेवले ते पन वाऱ्यानेच?" मागून कोणीतरी विचारले.

केबलवाला पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहत होता.

तेव्हा काकी उठली. तिने सगळ्या शेडवरून एकदा नजर फिरवली. आळीच्या टोकाच्या घरची जागा रिकामी होती. तिथून कोणी आले नव्हते. काकीची नजर तिथे जरा थांबली, मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब वारा म्हनतात तर वाराच. कोनाला काय बोलायचं हाय?"

कोणाला काही बोलायचे नव्हते.

"मंग साहेब," ती पुढे म्हणाली, "वाऱ्याला औषद चालू केलं का?"

मी म्हणालो, "केलं."

"मंग झालं. उठा रे, मासळी पडलीय."

सगळे उठले. तक्रार मागे घेतली गेली. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद केली की तक्रारदारांचे समाधान झाले. लबाडीच्या इराद्याचा त्याने उल्लेख केला नाही, आणि मीही विचारले नाही.

पुढचे मला मुलीच्या आईने सांगितले. ती बोईसरच्या बाजारात बसायची. मासळी घ्यायला गेलो की खबर मिळायची. गोळ्यांनी सुरुवातीला फार झोप यायची, भूक वाढली, मुलगी चिडायची. दोन महिन्यांनी ती म्हणाली की बाई अजून बोलते, पण लांबून. मग एकदा म्हणाली की दुसरा गेला. मध्ये बरे वाटते म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि सगळे परत आले. पुन्हा पालघर, पुन्हा सुरुवातीपासून. दहावी एक वर्ष उशिरा दिली.

पण आईने सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. शेडमधल्या सभेनंतर काकी घरी आली तेव्हा आईने तिला ते हसण्याचे सांगून टाकले होते. दोन-तीन दिवसांनी रात्री तो विनोदाचा कार्यक्रम लागला. आळी हसली. आणि लगेच काकीच्या खिडकीतून समुद्रापर्यंत ऐकू जाईल असा आवाज आला, "टीवीला हसतोय गो बाय! टीवीला!"

पुन्हा हशा झाला की पुन्हा. हळूहळू दुसऱ्या खिडक्यांतूनही ओरडा सुरू झाला. पुरुषसुद्धा ओरडायला लागले. हसायचे आणि लगेच जाहीर करायचे की कशाला हसलो. मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाल्या, "असा उपचार मी शिकले नव्हते. पण चालू राहू दे."

तो कित्येक महिने चालू होता. मग एका रात्री काकी नेहमीप्रमाणे ओरडली आणि टोकाच्या घरातली चादर नसलेली खिडकी उघडून मुलगी ओरडली, "काकी, पुरे आता! कळलं! अभ्यास करू द्या!"

आई म्हणाली, "साहेब, ती माज्या पोरीची आधीची चिडचिड होती. खरीखुरी. मी देवाजवळ दिवा लावला."

ही मुलगी माझ्याकडे आली ती तक्रारीच्या वाटेने, आरोपी म्हणून. आणखी आठवडाभर कोणी तक्रार केली नसती तर ती माझ्याकडे पंचनाम्याच्या वाटेने आली असती. यातून मी एवढेच शिकलो की एखाद्याच्या वागण्याचा अर्थ लागत नसेल तर त्याला 'हे का केलंस?' असे दटावण्याआधी 'तुला काय होतंय?' असे विचारावे. उत्तर मिळते. मुले तर फार सरळ सांगतात. त्यांना विचारणारा माणूस तेवढा लागतो. ऐकू येत नाही हे लोक लवकर सांगतात. नको ते ऐकू येते हे सांगायला मात्र फार धाडस लागते, आणि ते त्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे होते.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. परवा पालघरच्या दवाखान्यात गेलो होतो. व्हरांड्यात मागून हाक आली, "सर!" तीच होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तब्येत भरलेली, वडील सोबत. तपासणीला आली होती. अजून एक लहान गोळी चालू आहे, असे तिने स्वतःहून सांगितले.

"तुमी कोनाला दाखवायला आलात सर?"

"सहज आलो होतो. एक ओळखीचे आहेत."

तिने माझ्या हातातल्या केसपेपरकडे पाहिले. त्यावर माझेच नाव होते आणि पुढे 'कान' असे लिहिले होते.

"काय होतंय?"

मी इकडे तिकडे पाहिले. "कानात शिट्टी वाजते."

"कधीपासून?"

"निवृत्त झाल्यापासून."

"घरी सांगितलं?"

सांगितले नव्हते. पत्नी टीव्हीचा आवाज कमी कर म्हणते तेव्हा मी नुसती मान हलवतो. जन्मभर शिट्ट्या मारलेल्या पोलिसाला आता रिकाम्या खोलीत शिट्टी ऐकू येते, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

"सर, सांगायचं असतं," ती म्हणाली. माझ्या हातातून केसपेपर घेतला, मला बाकावर बसवले आणि माझ्यासाठी रांगेत जाऊन उभी राहिली. नंबर जवळ आला तेव्हा तिथूनच, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडली, "सर, या! लाजू नका!"

मी उठलो आणि गेलो.